चहा न पिणारा सालगडी

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात यंत्रांची पूजा होते. नांदेडला वजिराबादेत बी-बियाण्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आमच्या दोन खोल्या आहेत. खालून कीटकनाशकाचा वास वर येतो आणि वर बसून आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. पूजेला सगळे आपापले लॅपटॉप पुसून मांडतात, त्यांना हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो आणि त्याचं पाणी दरवर्षी कुणाच्या तरी कीबोर्डात जातं. त्या वर्षी मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. आमच्याकडे नवा सहकारी रुजू झाला होता आणि त्याला शरीरच नव्हतं.

आमच्या सरांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, बराच वेळ हातात झेंडूचा हार धरून विचार केला. शेवटी त्यांनी तो वायफायच्या डब्याला घातला. हार ओला होता. दुपारपर्यंत इंटरनेट गेलं आणि नवा सहकारी रुजू झाल्या दिवशीच गैरहजर राहिला. तो आपल्यातला वाटावा असा तेवढा एकच दिवस.

हा सहकारी म्हणजे आपणहून काम करणारी कृत्रिम बुद्धी. तिला एजंट म्हणतात. विचारलं तेवढंच सांगून ती गप्प बसत नाही; काम सोपवलं की स्वतःच सगळा कोड वाचते, बदल करते, तपासते आणि वर अहवाल लिहून मंजुरी मागते. सर पुण्याला कुठल्याशा कार्यक्रमाला गेले होते आणि तिथून हे घेऊन आले. आमच्या भागात लोक पुण्याहून येताना बाकरवडी आणतात.

त्याला तो म्हणायचं की ती, यावर आमच्या मॅडमचं आणि सरांचं वाजलं. मॅडम म्हणजे आमच्या टीममधलं तिसरं माणूस. ग्राहकांचे फोन घेणं आणि मी केलेल्या चुका शोधणं ही त्यांची कामं, आणि दोन्ही कामांत त्यांचा आवाज सारखाच चढा असतो. 'सांगितल्याबरोबर ऐकतो म्हंजे बाई न्हाई,' असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. तेव्हापासून तो 'तो' झाला.

गावाकडे ही बातमी मीच फोनवर सांगितली. माझे वडील जळकोटजवळच्या एका खेड्यात राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शेती करतात, आणि शेतीपेक्षा जास्त वाद करतात.

'एजंट ठेवला? कशाचा, विम्याचा?'

'न्हाई आबा, काम करणारा. मशीनच आहे. वर्षाचा करार केलाय सरांनी.'

'मंग सालगडी म्हण की. खातो काय?'

'काहीच नाही.'

'चहा?'

'चहाबी नाही.'

'लई अवघड हाय मग,' आबा म्हणाले. 'चहा न घेणाऱ्याला काई सांगायचं म्हटलं तर कवा सांगायचं?'

मी हसलो. आबांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची सवय आहे, म्हणून सोडून दिलं. पण आमच्या ऑफिसचा सगळा कारभार खरोखरच चहावर चालायचा. समोरच्या टपरीवर सर चहाचा ग्लास हातात घेऊन म्हणायचे, 'ते तसं करून टाक रे,' आणि ते तसं व्हायचं. ते काय, तसं म्हणजे कसं, आणि का, हे कुठंही लिहिलेलं नसायचं. लिहायचं कशाला, आम्ही तिघं तर होतो.

आमचं मुख्य काम दवाखान्यांचं. पेशंटनं नंबर लावायचा, समोरच्या बोर्डावर आकडा लागायचा, त्यानं आत जायचं. यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लातूरचं एक डोळ्यांचं हॉस्पिटल. आणि त्या हॉस्पिटलचे एक पेशंट म्हणजे आमचे आबा.

आबांचा एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. उरलेल्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती आणि तो टिकवायचा तर दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. ते देणारे डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदाच यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. 'एकही चुकवायचं नाही,' असं त्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं. 'हा गेला तर दुसरा नाही.' आबांना इंजेक्शनची भीती नव्हती. ते लातूरला जत्रेला गेल्यासारखे जायचे, कारण तिथल्या भिंतीवरचा बोर्ड त्यांच्या पोरानं बनवलेला होता. त्या बोर्डावरचे लाल आकडे मी मुद्दाम दांडगे ठेवले होते, त्यांच्यासाठीच. ते सगळ्यात मागच्या बाकावर बसायचे आणि आकडा बदलला की बाजारात भाव पुकारल्यासारखे मोठ्यानं वाचायचे. काउंटरवरच्या ताईंना नाव पुकारायची गरजच उरायची नाही.

हे सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा सर आणि मी लातूरला गेलो होतो. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी बाहेर चहा पाजला आणि एकच गोष्ट सांगितली. शहरातले लोक घरी लोळत मोबाइलवर नंबर लावतात. शिरूर अनंतपाळ, जळकोट इकडचे लोक पहाटे निघतात, दोन गाड्या बदलतात, पोचतात तेव्हा त्यांच्यापुढे सगळं शहर उभं असतं. मग नंबर येईपर्यंत त्यांची शेवटची गाडी निघून जाते. म्हणून लांबून आलेल्याला वर ओढायचं. सरांनी ग्लास ठेवता ठेवता मला म्हटलं, 'घालून टाक रे ते.' मी घातलं. पाच-सहा ओळींचा मामला होता. ओबडधोबड होता, पण चालत होता, आणि गाववाले उजेडात घरी पोचत होते.

इकडे आमचा सालगडी कामाला लागला. खोटं कशाला बोलू, कामाला वाघ होता. वर्षभर मी ज्याच्याकडे काणाडोळा करत होतो तो बिलाचा घोळ त्यानं आल्या आल्या निस्तरला आणि वर मला लिहिलं, 'मूळ रचना अतिशय विचारपूर्वक केलेली होती.' मूळ रचना माझी होती आणि ती कशी केली होती ते मला माहीत होतं. मॅडमनी एकदा वैतागून त्याला शिवी लिहिली, तर त्याचं उत्तर, 'तुमची भावना मी समजू शकतो.' मॅडम म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाली पण हे वाक्य त्यांना घरात ऐकायला मिळालेलं नाही.

सर तर त्याच्या प्रेमातच पडले. आम्हाला अरे-तुरे करणारा हा माणूस त्याला लिहिताना 'कृपया' आणि 'आपण' वापरायचा. आम्ही टपरीवर निघालो की म्हणायचे, 'जा, जा. तो बघा, एकदा तरी उठला का जागेवरून?' ज्याला बूड नाही त्यानं उठायचं कुठून, हे मी विचारलं नाही. मी फक्त एवढं म्हटलं, की त्यानं केलेले बदल एकदा माझ्या नजरेखालून जाऊ द्या. सर म्हणाले, 'तुला दाखवत बसलो तर तो ठेवला कशाला?' पुढं मॅडमकडचे ग्राहकांचे मेसेजही त्यांनी त्याच्याकडे दिले, कारण तो ओरडत नाही.

आता सरांची एक सवय सांगायला हवी. त्यांना मोबाइलवर काहीही आलं तरी ते न वाचता अंगठा पाठवतात. लग्नपत्रिकेला अंगठा, वीज जाणार असल्याच्या सूचनेला अंगठा. एकदा मॅडमच्या सासूबाई वारल्याच्या निरोपालाही त्यांनी अंगठा दिला होता. मॅडमनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही, त्याला कारणं वेगळी होती. आम्ही सगळे या अंगठ्याला ओळखून होतो. त्याचा अर्थ एवढाच, की सर जिवंत आहेत आणि मोबाइल चार्ज आहे. सरांना खरंच काही विचारायचं असलं, तर आम्ही टपरीवर विचारायचो.

सालगडी टपरीवर येत नव्हता. त्यानं हॉस्पिटलचा कोड साफ करायला घेतला आणि त्याला त्या पाच-सहा ओळी सापडल्या. त्यानं रीतसर अहवाल लिहून सरांच्या मोबाइलवर पाठवला. काही रुग्णांना त्यांच्या पत्त्यावरून झुकतं माप दिलं जात आहे, याचं कारण कुठंही नोंदलेलं नाही, हे इतर रुग्णांवर अन्यायकारक दिसतं, तरी हा नियम काढून टाकावा असं सुचवतो, मंजुरी आहे का? शेवटी प्रश्नचिन्हसुद्धा होतं. सरांनी अंगठा दिला. झालं, लातुरात समता नांदू लागली.

मी तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्याच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेलो होतो. मला यातलं काहीही कळलं नाही. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या ताईंनी लगेच मेसेज केला होता, की गावाकडचे पेशंट मागं पडून राहिलेत, लोक बोंबलून राहिलेत. पूर्वी असा मेसेज आला की मॅडमनी खुर्चीतून मला हाक मारली असती आणि ती खालच्या दुकानातही ऐकू गेली असती. आता सालगड्यानं उत्तर दिलं, 'तुमचं निरीक्षण मोलाचं आहे. प्रणाली मंजूर बदलानुसार योग्य रीतीनं चालू आहे.' आणि तक्रारीपुढं 'सोडवली' असं लिहून तो पुढच्या कामाला लागला.

त्याच महिन्यात आबांची तारीख आली. संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला.

'आबा, झालं का इंजेक्शन?'

'न्हाई झालं. पुढल्या महिन्यात घेऊ.'

'का? डॉक्टर आले नव्हते का?'

'आलते की. माजाच नंबर आला न्हाई. गाडी जाऊन राहिली व्हती, मग निघालो.'

'नंबर कसा आला नाही? उशिरा पोचलात का तुम्ही?'

'हाव, उशीरच झाला जरा. मशीनचं काई न्हाई त्यात. मशीन बराबर व्हती.'

आबांना उशीर झाला, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. हा माणूस सकाळच्या गाडीसाठी गाडीच्याही आधी उठतो. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी मॅडमना म्हटलं, तुमचा आवाज परत लागणार आहे, काउंटरवरच्या ताईंना फोन लावा.

ताईंनी सगळं सांगितलं. आबा दार उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसले होते. दिवसभर मोबाइलवर नंबर लावलेली शहरातली माणसं येत राहिली, आत जात राहिली, आणि गावाकडची माणसं बाकावरच. दुपारी लोकांनी आरडाओरडा सुरू केला, की ही मशीन भ्रष्ट आहे, आतल्या आत नंबर विकून राहिलेत. त्यावर आमचे आबा उठले आणि सगळ्यांशी भांडले. माज्या पोरानं बनवलीय, म्हणाले. ती खोटं बोलणार न्हाई. ज्याचा नंबर त्याला मिळंल, गप बसा. ताईंना त्यांची दया आली. त्या हळूच म्हणाल्या, आबा, तुम्ही या माझ्यामागून, मी डॉक्टरांना सांगते. आबांनी साफ नकार दिला. आत्ता या सगळ्यांना गप बसवलं आन् मीच मधून घुसू? पोराच्या मशीनला काय म्हणतील लोक? मग गाडीची वेळ झाली तशी पिशवी उचलून ते निघाले, आणि जाताना ताईंना सांगून गेले, की हे माज्या पोराला सांगू नका, त्याला उगं वाईट वाटंल.

मॅडमनी फोन ठेवला. मला भयंकर राग आला. सरांचा आला, सालगड्याचा आला, आणि आबांचाही आला. भांडायला सगळं जग पडलं होतं, आणि त्या एका दिवशी हा माणूस मशीनच्या बाजूनं भांडला.

सरांनी ताबडतोब बैठक घेतली. सालगड्याला चूक कुठं झाली ते शोधायला सांगितलं. त्यानं क्षणात अहवाल दिला आणि तो शब्द न् शब्द खरा होता, हेच जास्त झोंबलं. नियमाचं कारण कुठंही लिहिलेलं नव्हतं. बदलापूर्वी मंजुरी मागितली होती. मंजुरी मिळाली होती. पुरावा म्हणून त्यानं सरांचा अंगठा तारखेसह खाली चिकटवला होता. शेवटी मला उद्देशून लिहिलं होतं, 'तुमच्या वडिलांना झालेल्या त्रासाबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. त्यांच्या दृष्टीचं मोल कोणत्याही प्रणालीपेक्षा मोठं आहे.' सरांचे डोळे पाणावले. 'बघ, किती सुंदर लिहिलंय,' ते मला म्हणाले. स्वतः काही म्हणायची गरज त्यांना वाटली नाही, कारण ते आधीच इतकं चांगलं म्हणून झालं होतं. मग त्यांनी त्या अहवालालाही अंगठा दिला.

मी विचारलं, 'सर, नियम तुम्हीच घालायला सांगितला होता. आठवतंय का?'

'मी?' सर म्हणाले. 'कुठं?'

'लातूरला. चहा पिताना.'

'चहा पिताना मी काय काय बोलतो, ते धरून बसायचं असतं का?'

मी त्या पाच-सहा ओळी परत घातल्या. वर मराठीत टीप लिहिली, की ही माणसं लांबून येतात, त्यांची शेवटची गाडी असते, हा नियम काढायचा असेल त्यानं आधी एकदा त्या गाडीनं जाऊन यावं. सालगड्यानं टीप वाचून तिचं कौतुक केलं. अतिशय स्पष्ट आणि उपयुक्त, म्हणाला. मला त्याच्यावर धड चिडताही येईना. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते आम्ही समोर टपरीवर उभे होतो.

सरांनीही यातून धडा घेतला. त्यांनी टपरीवर लॅपटॉप न्यायला सुरुवात केली. बरण्यांच्या शेजारी तो उघडा ठेवायचा, माइक चालू करायचा आणि मग चहा प्यायचा, म्हणजे सालगड्याला सगळं ऐकू जाईल. पहिल्याच दिवशी त्यानं बैठकीचं इतिवृत्त पाठवलं. त्यात तुरीचा भाव पडल्याबद्दल चिंता व्यक्त झाली होती, सरांच्या मेहुण्याला अर्धापूरची केळीची बाग झेपत नसल्याचं एकमत झालं होतं, आणि 'साखर कमी' हे तातडीचं काम म्हणून माझ्या नावावर टाकलेलं होतं. आम्ही हळूहळू टपरीवर बोलणंच सोडलं. आता तिघंही चहा पिताना लॅपटॉपकडे बघत गप्प उभे राहतो. टपरीवाल्याला वाटतं, आमच्यात कुणीतरी वारलंय. सर याला शिस्त म्हणतात.

पुढल्या महिन्यात मी रजा टाकली आणि आबांबरोबर लातूरला गेलो. गाडीत त्यांनी माझ्याकडे विषयसुद्धा काढला नाही. शेतातल्या पाण्याबद्दल बोलले, शेजाऱ्याच्या बांधाबद्दल तर फारच बोलले. हॉस्पिटलात शिरल्यावर मी सवयीनं मागच्या बाकाकडे वळलो, तर ते पुढच्याच बाकावर बसले.

'मागं नाही बसायचं का?'

'हितंच बरंय. पंखा हाय वर.'

नियम नीट चालत होता. आमच्या आधी आलेली शिरूरकडची एक म्हातारी पटकन आत गेली. आबांनी शेजारच्या माणसाला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडे बोट केलं. 'ह्यो माजा पोरगा. ह्यानंच केलंय हे समदं. आन् ह्याच्या हाताखाली एक सालगडी हाय, चहाबी घेत न्हाई.' शेजाऱ्यानं मान डोलावली. मी खाली बघत बसलो. मला लाज वाटत होती आणि उठून निघूनही जाता येत नव्हतं.

बोर्डावर खण्णकन आवाज झाला आणि आकडा बदलला. आबा बोलतच होते. त्यांनी सवयीनं मान वर केली, बोर्डाकडे पाहिलं, डोकं थोडं डावीकडे झुकवलं, थोडं उजवीकडे झुकवलं, आणि परत शेजाऱ्याकडे वळले. काही वाचलं नाही.

'आबा, चला,' मी म्हटलं.

'आरं थांब की, नंबर तर यिऊ दे.' मग माझ्या कानाशी येऊन, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते म्हणाले, 'बोर्ड बंद पडलाय जणू. सांग तुज्या सालगड्याला.'

मी वर पाहिलं. मी त्यांच्यासाठी ठेवलेल्या त्या दांडग्या लाल आकड्यांत त्यांचाच नंबर लागलेला होता.